विवाहदेवतेचे तिसरे मंदिर

१

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर या मुलाच्या लग्नाची गोष्ट महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. अंतरपाट धरलेला होता, मंगलाष्टके चालू होती आणि पुरोहिताच्या तोंडून ‘सावधान’ हा शब्द बाहेर पडताच बारा वर्षांचा नवरदेव खरोखरच सावध झाला व मंडपातून निघून गेला. पुढे नाशिकजवळच्या टाकळीला तपश्चर्या करून हाच मुलगा समर्थ रामदास म्हणून प्रसिद्धीस आला. ही कथा सांप्रदायिक चरित्रकारांच्या परंपरेतून आलेली आहे आणि तिची ऐतिहासिक सत्यता हा येथील विषय नाही. कथा म्हणून तिची घडण मात्र विचारात घेण्याजोगी आहे. विधीत केवळ औपचारिक झालेल्या एका शब्दाला ती त्याचा मूळ अर्थ परत देते आणि त्या अर्थाच्या बळावर विधीच मोडते. विवाहविधीतील शब्दाने विवाहाचाच शेवट व्हावा, ही या कथेतील खरी नाट्यमयता होय.

परंतु या कथेचा सारा प्रकाश अंतरपाटाच्या एकाच बाजूवर पडलेला आहे. दुसऱ्या बाजूला एक मुलगी उभी आहे. प्रथेप्रमाणे तिच्या अंगावर अष्टपुत्री असणार आणि काही वेळापूर्वीच ती गौरीहरापुढून उठून आलेली असणार. कथेच्या लोकप्रचलित रूपात तिला नाव नाही. लग्न लागले नाही, म्हणून ती पत्नी नाही. लग्न उभे राहून मोडले, म्हणून समाजाच्या लेखी ती पूर्वीसारखी कुमारिकाही राहिली नाही. वर जिवंत आहे, म्हणून तिला विधवा म्हणता येत नाही. ज्या देवतेची पूजा करून ती मंडपात आली, त्या देवतेजवळ या मुलीसाठी एखादे नाव, एखादे रूप आहे काय?

हा प्रश्न भावनिक वाटला तरी तो दैवतशास्त्राचा आणि साहित्येतिहासाचा प्रश्न आहे. विवाहाची अधिष्ठात्री देवता विवाहाच्या कोणत्या अवस्थांना आपल्या छत्राखाली घेते आणि कोणत्या अवस्थांना बाहेर ठेवते, यावरून त्या समाजाची विवाहकल्पना कळते. जी अवस्था विधीबाहेर राहते, ती पुष्कळदा वाङ्मयातून परत येते. मराठीत हे कसे घडले, हे पाहण्यासाठी प्राचीन ग्रीकांच्या विवाहदेवतेची तुलना उपकारक ठरते.

२

ग्रीक पुराणकथेत हेरा ही क्रोनस व ऱ्हीआ यांची कन्या, झ्यूसची बहीण आणि त्याची पत्नी. विवाह आणि विवाहित स्त्रिया यांची ती रक्षक मानली जाई. ‘टेलेइआ’ हे तिचे एक प्रमुख विशेषण होते. त्याचा अर्थ परिपूर्ण झालेली, परिणतीला पोचलेली असा होतो. विवाह म्हणजे स्त्रीत्वाची परिणती, ही कल्पना त्या विशेषणात गृहीत धरलेली आहे. अथेन्समध्ये हिवाळ्यातील एका महिन्याचे नावच विवाहावरून पडले होते आणि त्या महिन्यात झ्यूस व हेरा यांच्या लग्नाचा उत्सव होत असे. विवाहदेवता हेरेला बळी अर्पण करताना पशूचे पित्त इतर अवयवांबरोबर वाहत नसत, ते काढून वेदीपाशी टाकून देत, अशी नोंद प्लूटार्कने केली आहे. संसारात कडवटपणा नसावा, असा या कृतीचा अर्थ तो लावतो.

विधीने असे पित्त काढून टाकले, तरी पुराणकथेने ते पुन्हा आणून ठेवले आहे. हेरेच्या विवाहाची कथा मुळात कपटाची आहे. झ्यूसने कोकिळ पक्ष्याचे रूप घेऊन तिला जवळ केले, असे आर्गॉसच्या परिसरात सांगत. तेथील मंदिरात पॉलिक्लाइटसने घडविलेल्या सुवर्ण-हस्तिदंती मूर्तीच्या राजदंडावर तो पक्षी बसविलेला होता. पुढील कथा झ्यूसच्या व्यभिचाराच्या आणि हेरेच्या क्रोधाच्या आहेत. ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात देवसभेतील हे पतिपत्नी भांडताना दिसतात. चौदाव्या सर्गात ती शृंगार करून त्याला मोहात पाडते व झोपवते. पंधराव्या सर्गात तो तिला पूर्वी दिलेल्या शिक्षेची आठवण करून देतो. पायांना ऐरणी बांधून तिला आकाशात टांगले होते, अशी ती शिक्षा. जिच्या नावाने लग्ने लागतात, तिचेच लग्न असे आहे. ती स्वतः मात्र कधी व्यभिचारिणी होत नाही. विवाहाची निष्ठा एकट्या तिच्या बाजूने पाळली जाते आणि तिचा मत्सर हा त्या एकतर्फी निष्ठेचाच परिणाम असतो.

या विसंगतीचा एक प्रसिद्ध उलगडा जेन हॅरिसन यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात केला. हेरा ही मुळात स्वतंत्र, स्थानिक देवता होती, उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या देवाशी तिचे लग्न लावण्यात आले आणि पतिपत्नीच्या कलहात त्या जुन्या संघर्षाची स्मृती उरली, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र आहे. ऑलिंपियात हेरेचे मंदिर झ्यूसच्या भव्य मंदिराहून सुमारे दीड शतकाने जुने आहे, ही गोष्ट या मताला पोषक वाटते. परंतु १९५२ मध्ये ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा झाल्यानंतर पायलॉस येथील एका मृत्तिकापटावर झ्यूस व हेरा यांची नावे एकाच ठिकाणी, अर्पणाच्या नोंदीत आढळली. हा पट इसवी सनापूर्वी सुमारे १२०० चा आहे. म्हणजे होमरच्या कितीतरी आधीपासून ही दोन दैवते जवळ आलेली होती. दैवतकथेतील कलह हा पुरातन आक्रमणाचा अवशेष होय, असे सरसकट म्हणणे त्यामुळे अवघड होते. कलहाचे मूळ इतिहासात शोधण्यापेक्षा विवाहसंस्थेतच शोधणे अधिक युक्त ठरेल.

या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची साक्ष पॉसेनिअस या दुसऱ्या शतकातील प्रवाशाची आहे. आर्केडियातील स्टिंफॅलस या गावी हेरेची तीन देवस्थाने होती, असे तो सांगतो. पेलास्गसचा पुत्र टेमेनस याने हेरेला वाढविले आणि तिला तीन नावे देऊन तीन स्थाने उभारली. ती मुलगी होती तेव्हाची ‘पाइस’ म्हणजे कन्या, झ्यूसशी लग्न झाल्यानंतरची ‘टेलेइआ’ म्हणजे परिपूर्ण, आणि झ्यूसशी बिनसल्यावर ती स्टिंफॅलसला परत आली तेव्हाची ‘खेरा’. खेरा या शब्दाचा रूढ अर्थ विधवा. देवांचा राजा मरत नसतो, म्हणून येथे तो पतीपासून दुरावलेली, पतीवाचून असलेली असा घ्यावा लागतो. तोच लेखक नॉप्लिआ येथील एका झऱ्याची हकिकत देतो. त्यात दरवर्षी स्नान करून हेरा पुन्हा कुमारिका होते, अशी तेथील समजूत होती. म्हणजे या तीन अवस्था एका सरळ रेषेत संपत नाहीत, त्या फिरून फिरून येतात. प्लाटीआच्या उत्सवामागेही अशीच कथा होती. हेरा रागावून युबीआला निघून गेली, तेव्हा झ्यूसने लाकडी पुतळा नवरीसारखा सजवून नवे लग्न जाहीर केले. हेरा धावत आली, तिने पुतळ्यावरचे वस्त्र ओढले, फसगत लक्षात येऊन ती आनंदली आणि समेट झाला.

स्टिंफॅलसच्या तिसऱ्या देवस्थानाचे मोल येथे आहे. ज्या देवतेला लग्नात आवाहन केले जाते, तिलाच पतीवाचून राहण्याची अवस्था ठाऊक आहे आणि त्या अवस्थेतही तिची पूजा थांबत नाही. यावरून ग्रीक स्त्री मुक्त होती, असे अनुमान मात्र काढता येणार नाही. डिमॉस्थिनीझच्या वडिलांनी मृत्युपत्रान्वये आपली पत्नी ८० मिनांच्या स्त्रीधनासह आफोबस या पालकाच्या हवाली केली होती. आफोबसने धन घेतले आणि लग्न केलेच नाही, अशी तक्रार त्या वक्त्याच्या न्यायालयीन भाषणात आहे. देवतेला तिसरे मंदिर मिळाले, म्हणून विधवेला नगरात तिसरी जागा मिळाली असे झाले नाही. दैवतकल्पना समाजस्थितीचे केवळ प्रतिबिंब नसते. समाज ज्याला जागा देत नाही, त्याची ओळख पटवण्याचे काम ती कधी कधी करते.

३

हेरेचे मराठी प्रतिरूप शोधताना गौरीचे नाव सहजच पुढे येते. येथे एक पथ्य पाळणे जरूर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात अंबडच्या शेजारच्या पैठणचा आणि तेर म्हणजे तगराचा व्यापारी पेठा म्हणून उल्लेख असला, तरी त्यावरून दैवतकल्पनांच्या देवघेवीचा निष्कर्ष निघत नाही. येथील तुलना उगमाची नाही, कार्याची आहे. विवाहदेवतेने करावयाचे काम मराठी विवाहविधीत कोण करते, एवढाच प्रश्न आहे.

लग्न लागण्यापूर्वी वधू घरातल्या आतल्या भागात गौरीहरापुढे बसते. शिव-पार्वतीची किंवा माहेरच्या अन्नपूर्णेची मूर्ती पुढे असते. त्या मूर्तीवर अक्षता वाहत ती गौरीजवळ सौभाग्य मागत राहते आणि मामा बोलवायला आला की तेथून उठून अंतरपाटापाशी येते. मंडपातील मंत्रोच्चार पुरोहिताच्या स्वाधीन असतात, पण गौरीहर ही वधूची स्वतःची पूजा आहे. मात्र या पूजेतील मागणे एकच आहे. गौरीहरात गौरी एकटी नसते, तिच्या नावाला हर जोडलेला असतो. कन्या म्हणून, तपस्विनी म्हणून पार्वतीची जी रूपे पुराणांत आहेत, ती हरितालिकेसारख्या व्रतांत दिसतात. गौरीहरापुढे मात्र तिचे अखंड सौभाग्यवती हेच रूप प्रमाण मानलेले आहे. स्टिंफॅलसच्या भाषेत बोलायचे, तर येथे केवळ ‘टेलेइआ’चे मंदिर आहे.

देवतेने ज्या अवस्था सोडून दिल्या, त्या भाषेने सोडलेल्या नाहीत. मराठी लग्नपत्रिकेत नियोजित वधूच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ ही अक्षरे छापतात. म्हणजे ती चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी असते. तिची आई ‘सौ.’ असते. आजी विधवा असेल, तर तिच्या नावामागे जुन्या पत्रिकांतून ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी हे उपपद येई. सौभाग्याची इच्छा, सौभाग्याची प्राप्ती आणि सौभाग्याचा अभाव या तीन अवस्था एकाच कागदावर तीन संक्षेपांनी नोंदल्या जातात. पहिल्या दोन उपपदांत ‘सौभाग्य’ हा शब्द उघड आहे. तिसऱ्यात तो नाही, त्याच्या जागी नदीचे पवित्र नाव आहे. नाव पवित्र असले, तरी ते धारण करणाऱ्या आजीला मात्र हळद दळताना, ओटी भरताना, नवरीला कुंकू लावताना बाजूला राहावे लागे. आदराच्या शब्दाने वगळण्याची ही रीत फार सूक्ष्म आहे. २०२३ मध्ये विधवांच्या उल्लेखासाठी शासकीय पातळीवर हेच उपपद वापरावे, अशी सूचना महाराष्ट्रात पुढे आली आणि तिच्यावर सर्वत्र टीका झाली. त्या वादाचे कारण समजण्यास ही रीत ध्यानात घेतली पाहिजे.

४

मराठी लोकधर्मात पतीवाचून राहणारी देवी मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. तसे म्हटल्यास सौंदत्तीच्या यल्लम्मा-रेणुकेचा विसर पडल्यासारखे होईल. कर्नाटकाच्या सीमाभागातील या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने भाविक जातात. मार्गशीर्ष पौर्णिमेला जमदग्नीच्या वधामुळे देवी विधवा होते, असे मानून बांगड्या फोडण्याचा विधी होतो. त्या पौर्णिमेचे नावच ‘रांडाव पुनव’ असे आहे. पुढे दुसऱ्या एका पौर्णिमेला देवीचे सौभाग्य परत येते आणि ती अहेव होते. वैधव्य आणि सौभाग्य यांचे हे वार्षिक चक्र हेरेच्या स्नानाच्या आणि पुनर्मीलनाच्या कथांशी समांतर आहे. तांत्रिक परंपरेत धूमावती ही विधवारूप महाविद्याही आहे. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथाने मातृदेवतांच्या या प्राचीन स्तराकडे मराठी अभ्यासकांचे लक्ष वेधले.

तरीही एक भेद उरतो. माहूरची रेणुका अनेक घराण्यांची कुलदेवी आहे. लग्नानंतरच्या गोंधळात तिला आवाहन केले जाते, ते माता म्हणून, सौभाग्यदात्री म्हणून. सौंदत्तीला बांगड्या फुटतात, पण त्या विधीची सावली मंडपावर पडू दिली जात नाही. तिचे तिसरे रूप जोगतिणींच्या, देवाला सोडलेल्या मुलींच्या जगात राहिले. त्या जगाचे दुःख विसाव्या शतकातील देवदासीविरोधी चळवळीने समाजापुढे मांडले. म्हणजे मराठी परिसरात तिसरे मंदिर आहे, पण ते लग्नघरापासून दूर आहे.

पतीशी बिनसलेल्या देवतेचे रूप मात्र मराठी माणसाच्या अगदी जवळचे आहे. पंढरपूरला रुक्मिणीचे मंदिर विठ्ठलाच्या गाभाऱ्यात नाही, ते मागच्या बाजूला स्वतंत्र आहे. राधेला कृष्णाजवळ पाहून रुक्मिणी रुसली, द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन बसली आणि तिला शोधत देव पंढरीला आला, अशी क्षेत्रकथा आहे. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये विठ्ठलाच्या मुळाशी असलेल्या गोपजनीय दैवताचा जो शोध घेतला, त्याच्या प्रकाशात ही कथा दोन भिन्न परंपरांच्या सांधेजोडीची खूण ठरू शकते. पण स्त्रियांनी जात्यावरच्या ओव्यांतून रखुमाईचा रुसवा जपला, तो सांधेजोडीसाठी नव्हे. जनाबाईच्या निमित्ताने विठ्ठलावर रागावणारी रखुमाई त्यांना ओळखीची वाटली, म्हणून जपला. ऑलिंपसवरच्या भांडणात आणि या रुसव्यात एक मोठा फरक आहे. हेरा झ्यूसच्या प्रेयसींचा छळ करते. रखुमाई मात्र वेगळे घर करते, आणि त्या घराची पूजा होते. प्लाटीआत समेट झाल्यावर उत्सव होतो, पंढरपूरला समेटावाचूनच नित्यपूजा चालते.

५

येथून साहित्येतिहासाचा मुख्य मुद्दा सुरू होतो. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या महदंबेची कीर्ती ज्या रचनेवर उभी आहे ती रचना म्हणजे ‘धवळे’. धवळे म्हणजे लग्नात गावयाची गीते. महानुभाव परंपरेनुसार रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंना एकदा विवाहाची लहर आली. भक्तांनी ती लीळा मानून लग्नाची सिद्धता केली आणि महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. ही महदाइसा बालविधवा होती. ‘लीळाचरित्रा’त ती चक्रधरांना सतत प्रश्न विचारणारी, चर्चा करणारी शिष्या म्हणून वावरते आणि तिच्या जिज्ञासेचा तेथे गौरवही झालेला आहे.

या घटनेतील विलक्षणपणा मराठी समीक्षेने पुरेसा लक्षात घेतलेला नाही. महदंबेचा उल्लेख येतो तो बहुधा आद्यत्वाच्या संदर्भात, किंवा नरेंद्रापासून एकनाथांपर्यंतच्या रुक्मिणीस्वयंवरांच्या परंपरेतील पूर्वसूरी म्हणून. हे दोन्ही उल्लेख योग्यच आहेत. परंतु ज्या मंडपात विधवेची सावलीही नको असे, त्या मंडपाचे गीत मराठीत लिखित रूपाने प्रथम एका विधवेच्या मुखातून येते, ही गोष्ट केवळ चरित्रातील तपशील म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही.

चार शतकांनंतर हीच गोष्ट पुन्हा घडते, आणि या वेळी तिचे सूत्र थेट जांबपर्यंत पोचते. लग्नमंडपातून निघून गेलेल्या रामदासांच्या शिष्यपरिवारात वेणाबाई आणि अक्काबाई या दोन बालविधवा होत्या. वेणाबाईंना समर्थांनी कीर्तनाची अनुज्ञा दिली आणि मिरजेच्या मठाचा अधिकार सोपविला. सतराव्या शतकात विधवेने उभे राहून कीर्तन करणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्यांच्या छळाच्या कथाही परंपरेने जतन केल्या आहेत. या वेणाबाईंची प्रमुख ओवीबद्ध रचना कोणती? ‘सीतास्वयंवर’. मंडप सोडलेल्या गुरूची शिष्या, जिचा संसार सुरू होण्यापूर्वीच संपला, ती विवाहसोहळ्याचे आख्यान रचते.

याचा सर्वांत सुलभ अर्थ मनोविश्लेषणाच्या वाटेने लावता येईल. जे प्रत्यक्षात लाभले नाही ते कवितेत भोगणे, अशी ही पूर्ती होय, असे म्हणता येईल. हा अर्थ मोहक आहे, पण अपुरा आहे. एक तर तो कवयित्रीला तिच्या दुःखापुरती मर्यादित करतो आणि तिच्या रचनेतील प्रभुत्वाला जागाच देत नाही. दुसरे असे, की धवळे किंवा स्वयंवराख्यान हे खासगी आत्मनिवेदन नव्हे. ते समूहापुढे गायचे, विधीशी निगडित असे वाङ्मय आहे. ते गाणारी स्त्री स्वतःचे स्वप्न सांगत नसते, ती मंगलवचन उच्चारीत असते. मंगलवचनाचा अधिकार सौभाग्यावर अवलंबून असतो, हा तर लोकरूढीचा नियम. महदंबा व वेणाबाई यांच्या रचनांनी हा नियम मोडला. सौभाग्य नसलेल्या स्त्रीच्या वाणीने देवाचे लग्न मंगल होऊ शकते, असे या रचनांच्या केवळ अस्तित्वाने सिद्ध केले. त्यासाठी त्यांना वेगळा युक्तिवाद करावा लागला नाही.

हे शक्य झाले ते संप्रदायाच्या चौकटीत. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार मान्य केला होता आणि विटाळाच्या कल्पना नाकारल्या होत्या. रामदासांनी ‘दासबोधा’त प्रपंच नीट करून मग परमार्थ साधण्याचा उपदेश केला, पण प्रपंचच नाकारल्या गेलेल्या स्त्रियांना मठात कामही दिले. दोन्ही ठिकाणी विवाह ज्यांच्या वाट्याला आला नाही किंवा ज्यांनी तो नाकारला, अशा माणसांच्या मेळ्यात विवाहाचे गीत जन्मले. रिद्धपूरचे ते लग्न संसारासाठी नव्हते. जांबच्या मुलाचे लग्न पूर्ण झाले नाही. संसाराच्या हिशेबातून मुक्त झालेल्या या मंडपात अंतरपाटाची दुसरी बाजू बोलू लागली.

या मुक्तीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विधवेने गायिलेले लग्न कृष्णाचे किंवा रामाचे होते. पाटलाच्या वा देशपांड्याच्या घरच्या लग्नात तिचे स्थान बदलले नाही. मठाने तिला वाणी दिली, पण लग्नघराने तिच्यासाठी दार उघडले नाही. हे दार उघडण्याची भाषा एकोणिसाव्या शतकात आली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. पुढे जालन्याला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहिली. सुरतेच्या एका विधवेवरील खटल्याचे ते निमित्त होते. ताराबाईंनी पुराणातील देवांच्या वर्तनाचाही हिशेब मागितला. देवतेचा क्रोध, कवयित्रीचे मंगलगान आणि ताराबाईंचा सवाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण सौभाग्य हे स्त्रीच्या योग्यतेचे माप आहे काय, हा प्रश्न तिघींच्याही मुळाशी आहे. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो प्रश्न अजून मिटलेला नव्हता, हेच सिद्ध झाले.

६

जांबपासून फार दूर नसलेले अंबड हे जालना जिल्ह्यातील जुने गाव. तेथील टेकडीवर मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव पडले, असे स्थानिक स्पष्टीकरण आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते आणि सुवासिनी देवीची ओटी भरतात. अंबडशी आणि या मंदिराशी अहिल्याबाई होळकर यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. १७६७ ते १७९५ या काळात त्यांनी राज्यकारभार केला आणि देशभर देवळे, घाट, बारवा बांधविल्या. ओटी भरण्याचा मान सुवासिनीचा, आणि ज्या देवळात ती भरायची त्याच्याशी जोडलेले नाव मात्र एका विधवा राज्यकर्तीचे. विधी आणि वास्तू यांच्यातील ही विसंगती यात्रेच्या गर्दीत कोणाला जाणवत नाही.

‘मत्स्योदरी’ या शब्दाला संस्कृत कोशात आणखी एक अर्थ आहे. ते सत्यवतीचे नाव आहे. अंबडच्या देवीचा महाभारतातील सत्यवतीशी संबंध जोडण्यास आधार नाही आणि तसा तो जोडण्याचे कारणही नाही. पण शब्दाची स्मृती माणसांच्या स्मृतीपेक्षा लांब असते. सत्यवती ही महाभारतातील तिन्ही अवस्थांची स्त्री आहे. यमुनेत नाव चालविणारी कन्या असताना तिने व्यासांना जन्म दिला आणि पराशराच्या वराने ती पुन्हा कुमारिका झाली. शंतनूची ती पत्नी झाली. विधवा झाल्यावर कुरुवंशाचे पुढे काय व्हावे याचा निर्णय तिनेच घेतला. तिच्या वैधव्याने तिची वाणी हिरावली गेली नाही. भारतकथा पुढे चालली, ती त्या वाणीमुळेच.

स्टिंफॅलसला ज्या तीन अवस्थांसाठी तीन देवस्थाने लागली, त्या एका स्त्रीच्या चरित्रात एकत्र येऊ शकतात, याची जाणीव भारतीय आख्यानपरंपरेला होती. विवाहविधीने त्यांतील मधली तेवढी स्वीकारली. उरलेल्या दोहोंपैकी एक ‘कांक्षिणी’ म्हणून मंडपाच्या दारात उभी राहिली आणि दुसरीला गंगेचे नाव देऊन मागच्या खोलीत बसविले गेले. मागच्या खोलीत बसलेल्या त्या स्त्रीने मंडपातील गीत रचले होते, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने पहिल्या पानावरच नोंदले आहे. धवळ्यांकडे आणि ‘सीतास्वयंवरा’कडे केवळ भक्तिकाव्य म्हणून पाहण्याऐवजी विवाहदेवतेच्या त्या न बांधलेल्या मंदिराचे अवशेष म्हणूनही पाहावयास हवे. तसे पाहिले, तर जांबच्या कथेत अंतरपाटापलीकडे निनावी उभ्या असलेल्या मुलीचा प्रश्नही साहित्येतिहासाच्या कक्षेत येतो. तिच्यासाठी गौरीहराजवळ नाव नव्हते. ज्या मठाची मूळ कथा तिच्यापाशी सुरू होते, त्या मठातील एका विधवेने सीतेच्या लग्नात मात्र तिच्यासारखीला बोलण्याचा अधिकार मिळवून दिला.